समुद्राचा पत्ता : देहरादून

भारताच्या समुद्राचे नकाशे देहरादूनला तयार होतात. हा विनोद नाही, पत्ता आहे. नौदलाचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तिथे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आणि जवळच्या खाऱ्या पाण्यापासून हजारेक किलोमीटर लांब. कितीही उधाण आलं तरी कचेरीतल्या फायली भिजायच्या नाहीत, याची पुरेपूर तजवीज झालेली आहे. आज मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, हे मच्छिमारांना हैदराबादहून कळतं. तिथलं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहातून पाण्याचं तापमान आणि त्यातलं हरितद्रव्य बघतं आणि किनाऱ्यावर सांगावा धाडतं. हैदराबादेत सागर म्हणायला एक हुसेनसागर आहे, तोही तलाव. आपल्या 'नाविक' उपग्रहांचा लगाम कर्नाटकातल्या हासनहून आणि मध्य प्रदेशातल्या भोपाळहून ओढला जातो. परदेशात तरी वेगळं असेल म्हणावं, तर बोटींवरच्या यंत्रांसाठी जगभर नावाजलेल्या गार्मिन कंपनीचं मुख्य ठाणं अमेरिकेत कॅन्सस राज्यात आहे. देशाच्या ऐन पोटात. तिथून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र लवकर भेटत नाही.

एकूण काय, समुद्राचं ज्ञान सगळं कोरड्या जागी आहे. ओलं आहे ते फक्त गिऱ्हाईक.

हे गिऱ्हाईक बघायचं असेल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला बोटींच्या सामानाच्या एखाद्या दुकानात जाऊन बसावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यामुळे वर्षभर 'बघू पुढे' म्हणून ढकललेल्या सगळ्या खरेद्या या आठवड्यात अंगावर येतात. दुकानात चार प्रकारची माणसं असतात. पहिले तांडेल, म्हणजे आमचे तात्या. समुद्रात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुठल्याही यंत्राकडे ते नव्या जावयाकडे बघावं तसे बघतात. दुसरा त्यांचा पुतण्या. हा मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला असतो आणि दुकानदाराच्या आधी वैशिष्ट्यं सांगून टाकतो. तिसरे पुण्याचे साहेब. यांनी शनिवार-रविवारसाठी छोटी बोट घ्यायची ठरवलं आहे, पण यंत्र आधी घेणार आहेत. बोट नंतर, यंत्राला शोभेल अशी. चौथा तारकर्लीला पर्यटकांना फिरवणारा. त्याला काहीही चालतं, फक्त त्यावर दिवे लुकलुकले पाहिजेत.

चौघांचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो : "किती इंची?"

बोटीवरच्या यंत्रांची निवड इंचांवर होते, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसलं तरी सर्वमान्य आहे. बाजूच्या बोटीवर सात इंची पडदा असेल तर आपल्याकडे नऊ इंची हवा. त्याने नऊ घेतला तर आपण बारा. समुद्र तेवढाच राहतो, खडक तेवढेच राहतात, मासळी तर कमीच होत चालली आहे. वाढतो तो फक्त पडदा.

तात्या तेवढे वेगळा प्रश्न विचारतात. "माका सांग रे झिला, ह्यां पाण्यात पडलां तर बुडतलां की तरंगतलां?"

"तात्यानू, आयपीएक्स सेव्हन आसा," दुकानदार म्हणतो. त्याचा अर्थ असा की हे यंत्र एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं टिकेल. तात्या मनातल्या मनात हिशेब करतात. धक्क्यालासुद्धा समुद्र एका मीटरवर थांबत नाही. आणि तीस मिनिटांच्या आत खाली उतरून ते शोधून आणणार कोण, आणि तो माणूस कितवा आयपीएक्स?

या प्रश्नात यंत्र निवडण्याची गुरुकिल्ली आहे, असं माझं मत झालं आहे. यंत्राला काय काय येतं हे डब्यावर पाच भाषांत छापलेलं असतं. त्याला काय येत नाही ते तात्यांनाच विचारावं लागतं.

जीपीएसपासून सुरुवात करू. त्याच्याबद्दलचा पहिला गैरसमज असा की हा डबा आपली खबर 'वर' पोचवतो. हद्द ओलांडून जाळं टाकणाऱ्यांना ही भीती फार. खरं तर जीपीएसचा डबा जन्मजात मुका आहे. तो फक्त ऐकतो. जमिनीपासून २०,२०० किलोमीटरवर फिरणारे उपग्रह अखंड दोनच गोष्टी सांगत असतात : मी अमुक जागी आहे, आणि आत्ता इतके वाजलेत. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून डबा अंतर काढतो. जागा काढायला तीन उपग्रह पुरतात. चौथा लागतो, कारण आपल्या डब्यातलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्याची चूक पकडायला एक साक्षीदार जास्तीचा.

उपग्रहांवरची घड्याळं आण्विक असतात, पण तीही नुसती चावी देऊन सोडून चालत नाही. आइनस्टाइनने सांगून ठेवल्याप्रमाणे वेगामुळे ती थोडी मागे पडतात आणि पृथ्वीपासून उंचावर असल्यामुळे जास्त पुढे जातात. वजाबाकी करून ती रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे राहतात. एवढ्याशा वेळेचा हिशेब धरला नाही तर जागेत रोज सुमारे दहा किलोमीटरची चूक साठत जाईल. म्हणजे आठवड्याभरात मालवणचा बांगडा गोव्याच्या खात्यात जमा. सापेक्षतावादाचा मासळीच्या लिलावाशी इतका निकटचा संबंध असेल, असं त्या गृहस्थांनाही वाटलं नसेल.

१ मे २००० पर्यंत तर अमेरिका सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. डबा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचा. मग राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती भेसळ बंद केली आणि रातोरात जगभरच्या बोटी आपापल्या जागी आल्या. दूधवाल्यांकडून अशी अपेक्षा आपण अजून करतो आहोत.

आताच्या डब्यावर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू, नाविक अशी पाटीच असते. अमेरिका, रशिया, युरोप, चीन आणि भारत हे पाचही जण एका डब्यात गुण्यागोविंदाने नांदतात. संयुक्त राष्ट्रांना हे अजून साधलेलं नाही. यातल्या आपल्या 'नाविक'ने बरंच सोसलं आहे. २०१३ साली वर गेलेल्या त्याच्या पहिल्याच उपग्रहातली तिन्ही आण्विक घड्याळं बंद पडली. दुरुस्तीला द्यायची तर दुकान ३६,००० किलोमीटर खाली. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये अवकाशात पोचला, पण अग्निबाणाचं संरक्षक कवच उघडलंच नाही आणि बिचारा आतल्या आत राहिला. २०१८ साली तिसऱ्याने येऊन खिंड लढवली.

पुण्याच्या साहेबांचा प्रश्न रास्त असतो. "फोनमध्ये जीपीएस आहे की! वेगळं कशाला?" फोनला समुद्रात रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण त्याला फक्त ऐकायचं असतं. पण नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल, तर रिकाम्या पडद्यावर एक निळा ठिपका उभा राहतो. ठिपका अगदी अचूक असतो. भोवती जग नसतं. शिवाय फोनच्या पडद्याला बोटाने चाळवावं लागतं, आणि समुद्रात ते बोट ओलं, खारट आणि खवल्यांनी मढलेलं असतं. ऐन लाटेत तात्यांनी अशा पडद्याला हात लावला तेव्हा त्याने नकाशा बाजूला सारून टॉर्च लावला. म्हणून जुनी खोडं अजून बटणवाला डबा मागतात. बटणांवरची इंग्रजी नावं कोणी वाचत नाही. 'डाव्या हाताचं तिसरं, दोनदा' एवढं पाठ असलं की पुरे.

आता या अचूक डब्याला काय येत नाही ते बघा. बोट उभी असेल तर तिचं तोंड कुठे आहे, हे नुसत्या जीपीएसला ठाऊक नसतं. ती हलली की कुठून कुठे सरकली त्यावरून ते दिशा काढतं. नांगर टाकून निवांत पडलेल्या बोटीवर दिशेचा बाण स्वतःभोवती गरागरा फिरतो, म्हणून होकायंत्र लागतं. आणि त्या होकायंत्राशेजारी कोणीतरी गाण्यांसाठी स्पीकर ठेवलेला असतो. त्यातल्या लोहचुंबकाने उत्तर दिशा गाण्याकडे ओढून घेतलेली असते.

त्याहून मौजेचं बटण म्हणजे 'गो टू'. घरची खूण निवडायची, बटण दाबायचं. डबा सरळ रेष काढून देतो. अगदी सरळ. मालवणला बाहेरून येताना ही रेष खुशाल सिंधुदुर्ग किल्ल्यातून जाऊ शकते. किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं, म्हणजे खबर लागायला डब्याला साडेतीनशे वर्षं मिळाली. पण नकाशा नसलेल्या साध्या जीपीएसला किल्ला ठाऊक नाही, आणि किल्ल्याभोवती पाण्याखाली दबा धरून बसलेले खडकही नाहीत. त्याला फक्त दोन बिंदू ठाऊक आहेत. मधल्या जगाची जबाबदारी आपली.

आणि ते बिंदू लिहायचे कसे, यावरही एकमत नाही. अक्षांश तीन पद्धतींनी लिहितात : अंश दशांशात; अंश आणि दशांशातली मिनिटं; अंश, मिनिटं आणि सेकंद. पुतण्या बांधावर उभा राहून फोनवर कोणाकडून तरी ऐकतो आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहितो : १६.५०. दशांश अंश धरले तर हे १६ अंश ३० मिनिटं, म्हणजे विजयदुर्गच्या आसपास. मधलं टिंब मिनिटांचं समजून १६ अंश ५० मिनिटं धरली तर पूर्णगडच्या आसपास. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. फरक वीस मैलांचा, ३७ किलोमीटर. एका टिंबात जिल्हा बदलतो.

पूर्वी ही भानगड नव्हती. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खिंड एका रेषेत आली, दुसरीकडे वडाचं झाड आणि भूशिर एका रेषेत आलं, की जागा पक्की. ही माहिती डोक्यात असे, त्यामुळे चोरता येत नसे. आता सगळं डब्यात, आणि डबा कोणीही उघडावा. तात्यांनी त्यावर उपाय शोधला आहे. त्यांच्या जीपीएसमध्ये सुरमईच्या जागांची नावं 'खडक १', 'खडक २' अशी आहेत. खऱ्या खडकांची नावंही 'खडक'च आहेत. कुठल्या खडकावर जाळं टाकायचं आणि कुठल्यापासून पळायचं, हे फक्त तात्या जाणतात. डबा चोरणाऱ्याला याहून कडक शिक्षा भारतीय दंडसंहितेत नव्हती.

नकाशावाला डबा घेतला की वाटतं आता सुटलो. इथे देहरादूनसारख्या सगळ्या कोरड्या कचेऱ्यांचा इतिहास आपल्यासमोर येतो. समुद्राची खोली पूर्वी दोरीला शिशाचा गोळा बांधून मोजत. गोळ्याच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई. गोळा जिथे पडला तिथलं खरं. दोन गोळ्यांच्या मध्ये जो खडक बसला होता, तो बसूनच राहिला. आजच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर प्रत्येक भागाच्या सर्वेक्षणाला प्रतवारी असते. अव्वल प्रतीत एखादी गोष्ट दाखवल्या जागेपासून पाच मीटरच्या आत सापडते. 'सी' प्रतीत पाचशे मीटरच्या आत. 'डी' म्हणजे त्याहूनही सैल. ही प्रतवारी बघायला मेनूत खोल शिरावं लागतं, आणि तितकं खोल सहसा कोणी जात नाही. परिणाम असा की पडद्यावर आपली बोट पाच मीटरपर्यंत बिनचूक आणि खडक पाचशे मीटरपर्यंत अदमासे. दोघांची गाठ नेमकी कुठे पडेल, हे पंचांगात बघावं.

त्यात नकाशा लहानमोठा करायची सोय. लहान केला की मोठा मुलूख दिसतो, पण बारीकसारीक तपशील गळून पडतात. बारीकसारीक म्हणजे उदाहरणार्थ एक अख्खं प्रवाळबेट. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन रेसमधली 'टीम वेस्टास विंड' ही शर्यतीची बोट केपटाऊनहून अबुधाबीकडे जाताना हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोस नावाच्या प्रवाळरांगेवर भर वेगात चढली. अंधार होता, खलाशी जगातले निवडक, यंत्रं उत्तमोत्तम. रांग नकाशात होती. पडद्यावर ज्या आकारात नकाशा बघितला जात होता, त्यात ती धड दिसत नव्हती. सगळी माणसं वाचली, बोट मात्र खडकावर. नकाशा मोठा करून बघायला दोन बोटं लागतात, तेवढी कमी पडली.

पुतण्याचा जीव खरा अडकलेला असतो तो फिशफाइंडरमध्ये. मासे शोधणारं पहिलं व्यवहारोपयोगी यंत्र १९४८ साली नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी बाजारात आणलं, आणि नागासाकी हे बंदर आहे. निदान एक कंपनी तरी पाण्याकाठी जन्मली, याचं बरं वाटतं. यंत्र बोटीच्या तळातून ध्वनी सोडतं. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. वीस वाव पाणी असेल तर तळाला आपटून परत यायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. दोनशे किलोहर्ट्झचा आवाज बारीकसारीक दाखवतो पण खोल जात नाही. पन्नासचा खोल जातो पण ढोबळ दाखवतो. मासे दिसतात ते मुख्यत्वे त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. ज्यांना ती पिशवी नाही ते फिके दिसतात, आणि पाण्यातले बुडबुडे, शेवाळाची गाठोडी आणि प्लॅस्टिक ठळक.

डब्यात एक सोय अशी असते की प्रत्येक प्रतिध्वनीऐवजी पडद्यावर माशाचं गोंडस चित्र यावं. ही सोय चालू केली की समुद्र भरून वाहू लागतो. शिवाय 'गेन' नावाची एक चकती असते. ती उजवीकडे फिरवत नेली की मासे वाढत जातात. पुतण्याने ती पूर्ण उजवीकडे फिरवली तेव्हा बोट अजून धक्क्यालाच बांधलेली होती आणि पडद्यावर सव्वाशे सुरमया दिसत होत्या.

मूळ गोम निराळीच. पडद्याच्या उजव्या कडेला दिसतं ते आत्ता बोटीखाली असलेलं. डावीकडे जे सरकत जातं तो इतिहास. मधोमध झळकणारा मोठा थवा पुढे नाही, मागे राहिला. साधा फिशफाइंडर बोटीपुढे काय आहे ते सांगत नाही. खडक बोटीखाली आला की प्रामाणिकपणे सांगतो. तात्यांचं याबाबतचं मत : "हो मासो नाय, हो माशाचो फोटो."

मग येतं एआयएस. याला मात्र तोंड आहे. बोटीचं नाव, जागा, वेग, दिशा हे सगळं ते व्हीएचएफ लहरींवर आसमंतात जाहीर करतं आणि दुसऱ्यांचं ऐकतं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या तीनशे टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे. मुंबईच्या वाटेवर रात्री डोंगराएवढी मालवाहू जहाजं अंगावर येतात, तेव्हा ते हवंसं वाटतं. प्रत्येक यंत्राला नऊ आकडी ओळखक्रमांक असतो. आपल्या देशाचा ४१९ पासून सुरू होतो. दुकानात यावरची चर्चा ऐकण्यासारखी असते. प्रत्येकाला दुसऱ्याचं सगळं दिसायला हवं असतं आणि आपलं काही दिसायला नको असतं. फक्त ऐकणारं एआयएस मिळतं असं कळल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळतात. मग कोणीतरी विचारतं, सगळ्यांनीच ऐकणारं घेतलं तर ऐकायचं कोणाचं? यावर दुकानात शांतता पसरते आणि चहा मागवला जातो.

एआयएसला खडक दिसत नाही, होडी दिसत नाही, सांगणाऱ्याने थाप मारली तर तीही पकडता येत नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्कजवळ वीसेक जहाजांच्या पडद्यांवर एकाच वेळी चमत्कार झाला. कोणीतरी जीपीएसचे खोटे संदेश सोडले आणि ही सगळी जहाजं गेलेंझिकच्या विमानतळावर उभी असल्याचं दिसू लागलं. यंत्रं छातीठोकपणे सांगत होती. कप्तानांनी खिडकीबाहेर बघितलं, पाणी दिसलं, म्हणून ते बोर्डिंग पास काढायला गेले नाहीत.

ही सगळी यंत्रं घेतली की ती एकमेकांशी जोडायची. इथे पुण्याच्या साहेबांचे खरे हाल सुरू होतात. यंत्रांच्या आपसांतल्या बोलण्याचे दोन नियम प्रचलित आहेत. एनएमईए ०१८३ या जुन्या नियमात एका तारेवर एकच बोलणार, बाकी सगळे ऐकणार. एनएमईए २००० या नव्या नियमात एकाच तारेवर सगळे बोलतात, ज्याचा मुद्दा महत्त्वाचा त्याला आधी वाट मिळते. दोघांना एकमेकांचं कळत नाही; मध्ये दुभाषा डबा बसवावा लागतो. तो जुन्या कंपनीचा नसतो, नव्या कंपनीचा नसतो आणि बिघाड झाला तर दोन्ही कंपन्या त्याच्याकडे बोट दाखवतात. शिवाय काही यंत्रांना बारा व्होल्ट लागतात, काही बोटींवर चोवीस असतात. ही माहिती साहेबांना धुराच्या वासावरून मिळते.

तार या विषयाकडे जरा आदराने बघायला हवं. १० जून १९९५ च्या रात्री 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला येताना अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ वाळूच्या दांड्यावर चढलं. जहाजावर दीड हजार माणसं, जीपीएस, रडार, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, सगळं होतं. बंदरातून निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. यंत्र प्रामाणिक होतं. मला उपग्रह दिसत नाहीत, मी आता वेग आणि दिशेवरून अंदाजाने जागा सांगतो आहे, असं त्याने दोन बारीक अक्षरांत पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं. चौतीस तास लिहून ठेवलं. कोणी वाचलं नाही. तोवर जहाज सतरा मैल बाजूला गेलं होतं. खोली कमी झाली की घंटा वाजवणारं यंत्रही होतं, पण ती घंटा शून्य मीटरवर लावून ठेवलेली होती. म्हणजे तळाशी पाणी अजिबात उरलं नाही की वाजेल. त्या वेळी घंटेची गरज उरत नाही, आवाज आपोआप येतो. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

इतकं ऐकल्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, जुनं तेच सोनं. जुनं तेही बघू. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहेली' या बोटीतून, आणि ती बांधली होती मुंबईत. आकाशातले ग्रहतारे, त्यांची उंची मोजणारं सेक्स्टंट, घड्याळ आणि कागदी नकाशे एवढ्यावर. पन्नास वर्षांनी, २०१८ साली, त्याच धर्तीची गोल्डन ग्लोब शर्यत झाली. नियमच असा की उपग्रहावरून जागा बघायची नाही. कमांडर अभिलाष टोमी गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' या 'सुहेली'च्या प्रतिकृतीतून उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. आता जागा कळली कशी? उपग्रहावरून. पाणी हजारो किलोमीटर, त्यात एक माणूस. विमानांनी शोधला, फ्रेंच जहाजाने उचलला. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा गेले, पुन्हा सेक्स्टंट घेऊन, आणि २०२३ साली दुसरे आले. सेक्स्टंटने पृथ्वी फिरता येते. पण पाठीत मार बसल्यावर तारा मोजत बसता येत नाही. म्हणून सुज्ञ माणूस दोन्ही ठेवतो आणि दोघांवरही थोडा थोडा संशय घेतो.

हा संशय कुठल्याच दुकानात मिळत नाही. यंत्राची प्रत्येक आवृत्ती आधीपेक्षा जास्त खात्रीने बोलते, आणि माणूस खात्रीने बोलणाऱ्याला लगेच वश होतो. निवडणुकांचे निकाल बघा. म्हणून माहितीपत्रक उलटीकडून वाचावं. जीपीएसला खडक कळत नाही, नकाशाला स्वतःचं वय सांगवत नाही, फिशफाइंडरला पुढचं दिसत नाही, एआयएसला मुक्याचं ऐकू येत नाही, घंटा आपण लावू तिथेच वाजते. ही पाच अज्ञानं पाठ असली, तर चार इंची पडदाही पुष्कळ दाखवतो.

हेच दुकानदाराने त्या दिवशी तात्यांना थोडक्यात सांगितलं. "तात्यानू, जां बंद पडलां तरी तुमका घराक येवक जमतलां, तांच घेवा."

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मगे घेवचां कित्याक?"

"बाजूच्या बोटीर बारा इंची इलो आसा, म्हणान."

तात्या क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी सोळा इंचीची किंमत विचारली.